मूळ स्थिती

"सगुणबाब, जरा येशात? प्रशांताचो कम्प्युटर उठत नाय."

रुक्मिणी कुंपणाला टेकून उभी होती. चवथीचा तिसरा दिवस होता, नेवऱ्यांचे पीठ तिच्या हाताला तसेच होते. सगुणबाबांनी पुस्तकात बोट घालून ते मिटले.

"म्हणजे चालूच होत नाही?"

"होता मगे. दिवो लागता, आत भुंय भुंय करता, कंपनीचा नाव येता. आणि मगे वाटेतच काळोख. परत नाव, परत काळोख. काल सकाळपासून तोच खेळ चललो आसा. आणि ह्यो दोन दिस जेवूक नाय."

"गौरेशला फोन केलास?"

"केलंय. तो चवथीक मांद्र्याक गेलोसा, आपल्या घराकडे. सोमवारी येतंय म्हणता. तोवर तेका हात लावू नकात म्हणता." तिने पदराला हात पुसले. "पण आता त्येच्यार काय तरी इंग्लिश येता. तुमी वाचून तरी सांगा."

वाचून सांगणे हे एकच काम आपल्याला जमते असे सगुणबाब मानत, आणि तेही पुरते जमते की नाही याची त्यांना शंका असे. डिचोलीच्या कोर्टात ते एकतीस वर्षे भाषांतरकार होते. इंग्रजी अर्ज, प्रतिज्ञापत्रे, हुकूम यांचे मराठी करायचे आणि मराठीचे इंग्रजी. एखाद्या शब्दाशी अडले की ते कागद मनात घेऊन घरी येत, तीन शब्दकोश उघडून बसत, आणि एवढे करूनही दुसऱ्या दिवशी तो कागद साहेबांच्या मेजावर ठेवताना पुन्हा एकदा वाचत. कोणी कधी चूक काढली नाही. पण ती कोणी पाहिलीच नसेल, असे त्यांना वाटे. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. लग्न राहून गेले होते. कारापूरच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कोणाला बँकेचे, विम्याचे, दवाखान्याचे कागद आले की लोक अजून त्यांच्याकडे येत, आणि ते गेल्यावर सगुणबाब आपण बरोबर सांगितले ना, हे पुन्हा पुन्हा मनात घोळवत बसत.

त्यांनी पायात चपला घातल्या आणि ते निघाले.

सालात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, गणपती बसला होता. वर टांगलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीला नारळ, चिबूड, तोरिंगण आणि रानातली लाल फळे लटकत होती. त्याला लागूनच प्रशांतची खोली. तो नेहमीप्रमाणे उंच पाठीच्या खुर्चीवर उशा लावून बसवलेला होता, समोर मेज आणि मेजावर कम्प्युटर. प्रशांत अडतीस वर्षांचा होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून तो साखळी–पणजी बसवर कंडक्टर होता. बसच्या दारात लोंबकळत "फुडें वचा, फुडें!" असे तो ओरडायला लागला की कारापूरच्या तिस्कावर, त्या तिठ्यावर, चहा पिणारे लोक कप खाली ठेवत. आठ वर्षांपूर्वी एका वळणावर तो त्याच दारातून खाली पडला. डोके दगडावर आपटले. पाय गेले, डावा हात गेला, जीभ तोंडात नुसती पडून राहिली. उजव्या हाताची दोन बोटे तेवढी त्याची राहिली.

ती दोन बोटे आणि हा कम्प्युटर. पणजीच्या कुठल्या तरी ऑफिसाने जुना म्हणून काढलेला हा डबा गौरेशने आणून दिला होता, त्यात मराठी घालून दिले होते. रुक्मिणी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून अक्षरे बोटभर मोठी. प्रशांत एकेक अक्षर दाबून लिही, 'भूक नाही', 'पंखा कमी कर', 'ताई कधी येणार', आणि आई ओठ हलवत ते वाची. कम्प्युटर बंद असला की त्याच्याजवळ फक्त बोट उरे. बोट वर केले की हो, आडवे हलवले की नाही.

आणि रोज दुपारी, घर निजलेले असताना, तो दुसरेच काही लिहीत असे. सहा वर्षे लिहीत होता. दिवसाला चार ओळी, कधी दोन. बसमध्ये चढणाऱ्या माणसांबद्दल होते ते. त्याने त्याला नाव दिले होते 'फेरी'. सगुणबाबांना हे ठाऊक होते, कारण त्याने त्यांना तीनदा विचारले होते. पहिल्यांदा पडद्यावर लिहिले, 'तुम्ही वाचाल का. शुद्धलेखन बघाल का.' सगुणबाब म्हणाले, "बघतो हां, सवडीनं." दुसऱ्यांदा, दोन वर्षांनी, 'दोनशे पाने झाली. वाचाल का.' तेव्हा ते म्हणाले होते, "अरे, मी कोर्टातला माणूस. मला गोष्टीतलं काय कळतं? कोणी तरी जाणकार बघू." तिसऱ्यांदा गेल्या शिमग्याच्या सुमाराला, फक्त 'वाचाल का.' सगुणबाब हसले होते आणि हवापाण्याचे काही तरी बोलून उठले होते. वाचायचे नव्हते असे नाही. वाचले तर काही म्हणावे लागेल, आणि आपण म्हणू ते चुकीचे असेल, याची त्यांना भीती होती. म्हणून 'फेरी' त्या डब्याबाहेर कधी आली नाही. कागदावर नाही, कोणाच्या डोळ्यांखाली नाही.

"पुता, सगुणबाब आयले," रुक्मिणी म्हणाली.

प्रशांतने बोट वर केले. त्याचे डोळे लाल होते. शेजारच्या मेजावर ताट झाकून ठेवले होते, त्यातला भात कडक झाला होता.

"काल तेची आते आयली, मावशी आयली. सगळी हय उबी ऱ्हवान बोलतत, 'कसो गो ह्यो? बरो मा?' म्हणान माका इचारतत. तेका नाय. कम्प्युटर चालू आसतो तर ह्यो तेंका चार शब्द सुणावतो. आता मुको तो मुकोच."

तेवढ्यात आरतीचे टाळ ठेवायला आलेला बाबली दारात डोकावला. बाबली त्याच वाड्यावरचा, नारळ पाडायचा.

"दोन थापटी मारा मरे त्या डब्याक," तो म्हणाला. "आमचो टीव्ही तसोच चलता."

"तुझो टीव्ही आणि तू, दोगांकय थापटीच व्हयी," रुक्मिणी म्हणाली. "चल, घंटी खंय ठेवलंस ती सोद. काल आरतेक ताटलीर चमचो वाजवलो आमी."

बाबली हसत गेला. रुक्मिणीने कम्प्युटरचे बटण दाबले. आत पंखा घुरघुरला, कंपनीचे नाव आले, गेले. काळोख. पुन्हा नाव. तिसऱ्या खेपेला निळा पडदा आला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उभी राहिली.

"ह्या बगा. ह्या इंग्लिश."

सगुणबाबांनी चष्मा पुसला आणि ते अगदी जवळ जाऊन वाचू लागले. संगणक नीट सुरू होऊ शकला नाही, असे पहिल्या ओळीत होते. खाली एक शब्द होता, रिकव्हरी. कोर्टात या शब्दाचे भाषांतर वसुली. त्यांना स्वतःशीच हसू आले. इथे वसुली कसली? इथे दवाखान्यातला अर्थ. बरे होणे.

"काय म्हणता तो?"

"बरा करतो म्हणतो."

"म्हणता मा?" रुक्मिणीने हात जोडल्यासारखे केले. "मगे करूक सांगा."

"थांब, थांब. गौरेशनं हात लावू नका म्हटलंय."

त्यांनी प्रशांतकडे पाहिले. प्रशांतचे बोट वर होते. ते खाली आले आणि पुन्हा वर झाले. पुन्हा. घाई कर, असे ते बोट म्हणत होते.

सगुणबाबांनी रिकव्हरीवर दाबले. नवा पडदा आला. 'रिस्टोअर टू ओरिजिनल कंडिशन.' हा शब्दप्रयोग तर त्यांनी आयुष्यभर हाताळला होता. बांध मोडलेला, वाट अडवलेली, कोणाची भिंत पाडलेली, अशा दाव्यांत साहेब शेवटी हाच हुकूम करत, आणि सगुणबाब त्याचे मराठी करत, 'मूळ स्थितीत आणून द्यावे.' म्हणजे बिघाड व्हायच्या आधी जसे होते तसे. त्यांनी हे मोठ्याने सांगितले.

"पयलीसारखो?" रुक्मिणीने विचारले.

"पहिल्यासारखा."

त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती त्यांनी दोनदा वाचली. वापरणाऱ्याच्या फायली ओव्हररिटन होतील, असे त्यात होते. ओव्हररिटन. सगुणबाब थबकले. कोर्टात ओव्हररायटिंग म्हणजे गिरवलेले अक्षर. तारखेतला तीन पुसट झाला म्हणून कोणी त्यावर पुन्हा तीन काढला, उताऱ्यातले नाव अंधुक होते म्हणून कोणी त्यावर शाई फिरवली, की कारकून समासात बारीकशी सही करून घेत. कागद उजेडाकडे धरला तर खालचे जुने अक्षर दिसायचेच. वरचे त्याहून ठसठशीत.

"जरा घरी जाऊन येतो," ते म्हणाले.

ते खरेच घरी गेले. मोठा शब्दकोश काढला, उभ्याउभ्याच पाहिला. 'वर लिहिणे, लिहिलेल्यावर पुन्हा लिहिणे.' त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले. इतके स्वच्छ उत्तर शब्दकोशाने त्यांना क्वचितच दिले होते. परत येताना त्यांच्या चालण्यात थोडी ऐट होती, ती त्यांची त्यांनाही जाणवली आणि त्यांनी पावले आवरली.

ते प्रशांतच्या शेजारी स्टूल ओढून बसले. आपण कोणाशी तरी इतके जवळ बसून बोलतो आहोत याचे त्यांना नवल वाटत होते.

"हे बघ, प्रशांत. तो म्हणतो, कम्प्युटर पूर्ववत करतो. आणि तुझ्या ज्या फायली आहेत त्या पुन्हा लिहितो. म्हणजे विस्कटलेलं अक्षर आपण गिरवतो ना, तसं. करू? तू सांग. तुझं आहे."

प्रशांतने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. फार वेळ नाही. ज्या माणसाच्या शब्दावर पूर्ण भरवसा असतो त्याच्याकडे पाहतात तसे. मग बोट वर केले.

पडद्यावर प्रश्न होता. यस की नो. सगुणबाबांनी यस दाबले.

पांढरी पट्टी हळूहळू भरू लागली. दोन टक्के, पाच टक्के. रुक्मिणी ताटलीत नेवऱ्या घेऊन हसतच आली.

"गणपतीक सांगलंय काल. म्हटलंय, तू विद्येचो देव मा? मगे आरती कसली करून घेतंस, हो मेलो डबो चालू कर पयलो. नाय तर पुढल्या वर्सा मोदक नाय, नुसते पावाचे उंडे हाडतलंय पोदेराकडसून."

सगुणबाबांनी नेवरी तोंडात टाकली. खोबऱ्यात वेलची जास्त झाली होती. प्रशांतच्या ओठांशी रुक्मिणीने तुकडा नेला आणि त्याने तोंड उघडले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"खाल्ल्यान गो बाय!" ती सालाकडे तोंड करून ओरडली, पण ऐकायला तिथे गणपतीखेरीज कोणी नव्हते.

चाळीस टक्के. त्र्याहत्तर. सगुणबाबांनी मनात ठरवले की आता चालू झाला की आपण स्वतःहून म्हणायचे, दाखव बघू तुझी फेरी. आज दहा पाने वाचू. शुद्धलेखनाचे बघता येईल, तेवढे तर नक्की येते आपल्याला. बाकीचे काय वाटले ते, जे वाटेल ते सांगू.

कम्प्युटर एकदा बंद होऊन पुन्हा लागला. या वेळी काळोख आला नाही. एक लहानशी सुरावट वाजली आणि पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि निळे आभाळ आले. रुक्मिणीने टाळी वाजवली.

"उठलो! उठलो मरे!"

प्रशांतचे बोट कळीवर गेले. पडद्यावरचा बाण थरथरत डाव्या कोपऱ्यात सरकला. तिथे नेहमी एक पिवळी पेटी असे. तिथे आता गवत होते. बाण दुसऱ्या कोपऱ्यात गेला, परत आला. त्याने एक पेटी उघडली, ती रिकामी होती. दुसरी उघडली. त्यात कोणा परदेशी माणसाने काढलेली फुलांची चित्रे होती, कम्प्युटर विकताना घालून देतात तशी.

"तुजा ता खंय आसा?" रुक्मिणीने विचारले. "मोठी मोठी अक्षरां?"

अक्षरे लहान होती आणि सगळी इंग्रजी होती. मराठी कुठेच नव्हते.

सगुणबाबांना ते लगेच कळले नाही. कळले ते उलट्या बाजूने, शब्दाकडून. मूळ स्थिती. कुठल्या मुळाची? बिघडण्याआधीची नव्हे. घडण्याआधीची. पहिल्यासारखा नव्हे, पहिल्या दिवसासारखा. दुकानातून पेटीत भरून निघाला तेव्हा तो जसा होता तसा. आणि पुन्हा लिहिले होते ते प्रशांतचे नव्हतेच. यंत्राने आपलेच कोरे पान त्याच्या पानावर लिहिले होते. ते उजेडाकडे धरून पाहता येणार नव्हते.

"सगुणबाब? खंय गेला ता?"

प्रशांतचे बोट थांबले होते. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग त्याने मान, जेवढी वळत होती तेवढी, खिडकीकडे वळवली.

सोमवारी गौरेश आला. तिशीचा, साखळीत त्याचे दुरुस्तीचे दुकान होते. हाताला अजून विसर्जनाच्या गुलालाचे डाग. त्याने डबा उघडला, आतली हार्ड डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडले, दोन तास त्यात शोध चालू ठेवला. मिळाली ती फुलांची चित्रे आणि एका जुन्या ऑफिसाच्या रजेच्या यादीचे तुकडे.

"कोणी केल्यान ह्या?" त्याने मान वर न करता विचारले.

"आपलो आपण झालो," रुक्मिणी म्हणाली.

"आपलो आपण होयना, आये. तो इचारता. दोनदा इचारता. कोणी तरी होय म्हटल्याबगर तो पुसना."

"म्हटलंय मा, आपलोच झालो. करंट येय-जाय करी होतो."

सगुणबाब दाराच्या चौकटीला धरून उभे होते. रुक्मिणीने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि ते न पाहणे त्यांना सोसवेना.

"मी," ते म्हणाले. "मी वाचलं. मी यस केलं."

गौरेशने आता मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"तुमी?" तो म्हणाला. "सगुणबाब, तुमी तर कोर्टातले."

त्याने डबा मिटला, स्क्रू लावले. पुन्हा मराठी घातले, अक्षरे मोठी केली. रुक्मिणीकडून चहासुद्धा घेतला नाही. जाताना प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून तो काही बोलणार होता, पण नुसता ठेवून काढून घेतला.

त्यानंतर सगुणबाब शेजारी गेले नाहीत. अंगणात जायचे ते मागल्या दाराने. वाड्यावरचे कोणी पत्र घेऊन आले तर, "डोळ्यांना दिसत नाही आता, साखळीला कोणाला तरी दाखव," असे सांगून ते परत पाठवू लागले. बाबली सुनेच्या प्रसूतीचे कागद घेऊन आला होता, तोही तसाच परत गेला. शब्दकोश उचलून त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. एकतीस वर्षांचे कागद त्यांना आठवू लागले. कोणाचा बांध, कोणाची वाट, कोणाची सही. त्यांतल्या कुठल्या कागदात आपण असेच केले असेल? कोणाचे घर आपल्या एका शब्दाने गेले असेल, आणि कोणी येऊन सांगितलेही नसेल? ते सकाळी उठत, पेज शिजवत, आणि ती तशीच निवत पडे.

दसरा झाला. एका दुपारी रुक्मिणी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"येत नाय तुमी."

"तब्येत बरी नव्हती."

"माझी पण नाय. कोणाची बरी आसा?" ती म्हणाली. "तो इचारता तुमका. चार दिस इचारता. मी वाचलंय तां. चला."

प्रशांत तसाच बसला होता, उशा लावून. पण बारीक झाला होता, आणि दाढी वाढली होती. रुक्मिणी त्यांना आत सोडून मागीलदारी गेली, गवत कापायला. सगुणबाब स्टुलावर बसले. आधी बसले होते त्याहून हातभर लांब.

प्रशांतचे बोट हलू लागले. एकेक अक्षर येत होते. सगुणबाबांना ते वाचायचे नव्हते आणि डोळे काढताही येत नव्हते.

'वाचायला आलात.'

"प्रशांत..."

त्याने ओळ पुसली. तो नेहमी तसेच करी, समोरच्याने वाचली की पुसायची आणि पुढली लिहायची. 'तीनदा विचारले.'

"हो. तीनदा." सगुणबाब म्हणाले. "मला भीती वाटली होती रे. मी काय बोलणार म्हणून. तेवढ्यासाठी. मी वाचायला नेलं असतं, कागदावर काढून घेतलं असतं, तर आज..." मांडीवरच्या वहीवर हात ठेवून ते भराभर बोलू लागले. निघताना त्यांनी ती घरातून उचलली होती, नवी, दोनशे पानी, दसऱ्याला आणून ठेवलेली. "मी रोज येतो. चार वाजता. तू सांग, मी हातानं उतरून घेतो. तुला आठवेल तसं. माझं अक्षर चांगलं आहे. एक ओळ तर एक ओळ. मी जिवंत आहे तोवर येतो."

प्रशांतने डोळे मिटले. मग बोट उठले आणि आडवे हलले.

"आठवत नाही का?"

'सगळे आठवते.'

पुसले.

'पण ते परत तसे येत नाही.'

ते पुसायला त्याला वेळ लागला. सगुणबाबांनी वही मांडीवरून काढून खाली, स्टुलाच्या पायाशी ठेवली. बाहेर रुक्मिणीच्या कोयत्याचा आवाज येत होता. आता उठावे की बसावे हे त्यांना कळत नव्हते. उठले तर पळून गेल्यासारखे होईल आणि बसले तर क्षमेची वाट पाहत बसल्यासारखे.

बोट पुन्हा हलले.

'तुम्ही होता त्यात.'

सगुणबाबांनी ते दोनदा वाचले. शब्दांचा अर्थ लावायला आता ते धजत नव्हते.

"मी? बसमध्ये?"

बोट वर.

अर्थात ते त्याच्या बसमध्ये होते. आठ वर्षे, सकाळी आठ वीसची बस, कारापूर तिस्क ते डिचोली. पण त्या बसमध्ये भांडणारी मासेवाली होती, खाणीवरचे लोक होते, कॉलेजची पोरे होती. दुसऱ्या खिडकीशी बसून पुस्तक वाचणाऱ्या माणसाला कोणी पाहिले असेल, हे त्यांच्या कधी मनातही आले नव्हते.

"माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय होतं?"

या वेळी प्रशांत फार वेळ लिहीत राहिला. मध्येच बोट थकले, त्याने ते मेजाच्या कडेवर ठेवले, पुन्हा उचलले. दुपारचे ऊन खिडकीतून मेजावरून जमिनीवर उतरले. सगुणबाब एकेक अक्षर उमटताना पाहत होते. 'उठत'मधला ठ चुकला, त्याने तो सुधारला. शेवटी त्याने बोट काढले.

'कोर्टाकडे बस थांबली की सगळे उतरेपर्यंत तुम्ही उठत नव्हता. एकदा मी बघितले नाही आणि बेल दिली. बस सुटली. तुम्ही पुढच्या स्टॉपवर उतरून चालत मागे गेलात. पाऊस होता. मला हाक मारली नाही.'

सगुणबाबांना तो दिवस आठवत नव्हता. असे दिवस पुष्कळ झाले असतील. पण तो माणूस त्यांनी ओळखला. एकाहत्तर वर्षांत कोणी त्यांना इतके बरोबर वाचले नव्हते. आणि हे तर आज एका थकलेल्या बोटाने, रागात, सहा वाक्यांत आलेले. त्या पानांवर ते कसे असेल?

प्रशांतचे बोट पुसायच्या कळीकडे वळले.

"राहू दे ते," सगुणबाब म्हणाले. "एवढं राहू दे. मी उतरून घेतो." ते वही उचलायला वाकले.

कळ दाबली गेली. शेवटाकडून अक्षरे जाऊ लागली. नाही गेले, मारली गेले, हाक गेली. सगुणबाब वाकलेलेच राहिले. त्यांनी पुन्हा सांगितले नाही. पाऊस गेला. स्टॉप गेला. कोर्ट सगळ्यात शेवटी गेले.

कोऱ्या पडद्यावर प्रशांतने चार कळा दाबल्या.

'पाणी.'

सगुणबाबांनी मागल्या दाराकडे पाहिले. रुक्मिणी लांब होती, पोफळीच्या कुळागराच्या कडेला. हाक मारली असती तर तिला ऐकू गेले असते. ते उठले. कोनाड्यातला पेला घेतला, तांब्यातले पाणी ओतले आणि प्रशांतच्या जवळ आले. मग त्यांना कळेना, हे कसे पाजतात. त्यांनी डावा हात त्याच्या मानेमागे घातला. मान घामाने ओली होती आणि वाटली होती त्याहून खूप जड. त्यांनी ती थोडी वर उचलली आणि पेला ओठांना लावला.

पहिला घोट बाहेरच आला. दाढीतून ओघळून सदऱ्यावर पडला. सगुणबाबांनी खिशातला रुमाल काढून हनुवटी पुसली, आणि पेला आणखी थोडा, अगदी थोडा तिरका केला.